दारवाल्या बाई आणि दोन विद्यापीठं

बालवाडीत त्यांना सगळे दारवाल्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, आणि पाठ वळली की दारवाल्या. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की पहिला आठवडाभर त्या उंबरठ्यावर उभ्या राहत. एक हात कडीवर, दुसरा येणाऱ्या पोराच्या खांद्यावर. आई येवो नाहीतर बाप, बाईंचा मंत्र एकच असे: पापा घ्या, दप्तर द्या, पाठ फिरवा. मागे वळून पाहायचं नाही आणि दारात रेंगाळायचं तर मुळीच नाही.

"बाई, एकच मिनिट. तो रडतोय हो."

"रडणारच. तुम्ही उभे आहात तोवर रडेल. तुम्ही निघालात की सुटेल बिचारा."

आणि कडी लागे. एकदा एक न्यायाधीश आपल्या मुलीला सोडायला आले आणि दारात पाय अडकवून उभे राहिले. मोठमोठे वकील त्यांच्यासमोर चळाचळा कापत म्हणे. बाईंनी त्यांचा बूट आपल्या चपलेने हळूच बाहेर सरकवला आणि म्हणाल्या, "साहेब, निकाल लागलाय. आता अपील बाहेर करा."

बाई कठोर होत्या असं मात्र कोणी समजू नये. दार लागलं की त्याच बाई त्या रडणाऱ्या पोराला कडेवर घेत, काचेच्या हंडीतले मासे दाखवत, त्यांतल्या लठ्ठ माशाला सर्दी झाली आहे असं गुपित सांगत. पोराचं नाक पुसून होतं न होतं तोच ते खाली उतरून ठोकळ्यांकडे पळे. दार लागलं की पेल्यातलं वादळ पेल्यातच शमतं, हे बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आईबाप जितके दारात घोटाळतील तितकं पोराचं रडणं लांबतं, हा त्यांचा शोध होता, आणि आयुष्यात दुसरं काही आपण शोधलं नाही म्हणून त्या त्याला फार जपत.

हा शोध विद्यापीठापर्यंत गेला तो मॅडममुळे. मॅडम शिक्षणशास्त्र शिकवत. उंच, काटकुळ्या, बोलताना चष्मा हातात घेऊन हवेत स्वतःच्याच वाक्याखाली रेघ ओढायच्या. शिकाऊ शिक्षिकांना घेऊन त्या बालवाडी पाहायला आल्या होत्या. दारातला प्रकार त्यांनी आठवडाभर कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसून पाहिला आणि शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्ही जे करता ते कुणी नीट लिहिलेलं नाही."

"त्यात लिहायचं काय? दार लावायचं."

"तेच लिहायचं."

बाईंनी एम.ए. पोस्टाने केलं होतं, लेक पाळण्यात असताना, एका हाताने दोरी ओढत. म्हणजे कागद पात्र होते. बाईच स्वतःला पात्र समजत नव्हत्या. पण मॅडम चिकाटीच्या. त्यांच्या विद्यापीठाने नुकताच दूरच्या एका विद्यापीठाशी करार केला होता. दोघांनी मिळून एकच पीएच.डी. द्यायची. विद्यार्थ्याला इकडचा एक गाईड, तिकडचा एक गाईड, तोंडी परीक्षेला दोन्हीकडचे परीक्षक, आणि शेवटी एकाच प्रमाणपत्रावर दोन शिक्के. अट एवढीच की मधलं एक सत्र विद्यार्थ्याने तिकडे जाऊन राहायचं आणि तिकडचं काम डोळ्यांनी पाहायचं. करार झाला होता, दोन्हीकडच्या कुलगुरूंचे फोटोही निघाले होते, फक्त विद्यार्थी मिळत नव्हता.

घरी बाईंनी ही बातमी सांगितली तेव्हा मिस्त्री, म्हणजे बाईंचा नवरा, घरामागच्या शेडमध्ये एका कपाटाच्या दारावर रंधा मारत होता. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची. बायको दार लावण्यात नावाजलेली, नवरा दार बसवण्यात, त्यामुळे या घराची कुठे ना कुठे चेष्टा होतच असे.

"दोन विद्यापीठं?" मिस्त्रीने रंधा थांबवला.

"हो. एकच डिग्री, पण दोघांची मिळून."

"बरोबर आहे. एकाला तू झेपणार नाहीस."

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "आई, तू डॉक्टर हो. मग मी गिऱ्हाइकांना सांगीन, औषध दुकानात, डॉक्टर घरी."

अशा रीतीने बाई विद्यार्थिनी झाल्या. केस पांढरे, चष्म्याला दोरी, आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. पहिल्या दिवशी ग्रंथालयातल्या पोरीने त्यांना विचारलं, "आजी, नातवाची पुस्तकं परत करायचीत का?" बाई म्हणाल्या, "नाही गं, नातू अजून आला नाही. तोवर मीच वाचते."

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण बाईंनी लहानपणापासून ऐकली होती. ती पीएच.डी.बद्दल आहे हे मात्र त्यांना आता कळलं. इकडच्या कार्यालयात गेलं की तिथले म्हणत, हे तिकडून येईल. तिकडे विचारलं की उत्तर येई, आम्हाला वाटलं तुमच्याकडे झालं. त्यात दोन गाईड. इकडे मॅडम, तिकडे सर. सर दर पंधरवड्याला संगणकाच्या पडद्यावर येत. देहाने एवढे भरदार की पडद्यात कधी पुरते मावत नसत. कपाळ दिसलं की हनुवटी गायब. स्वभावाने गोड. पण मॅडमनी प्रकरणातून जे गाळावं तेच सरांना नेमकं हवं असे.

"तिसऱ्या प्रकरणातला तो परिच्छेद कुठे गेला? फार सुंदर होता," सर विचारत.

"मॅडम म्हणाल्या, काढा."

"त्यांचं बरोबरच असणार. पण ठेवून बघा."

बाई ठेवत. मग मॅडम म्हणत, "सरांचा अभ्यास दांडगा आहे, प्रश्नच नाही. पण काढून बघा." दोघंही एकमेकांबद्दल इतक्या आदराने बोलत की त्यांचं भांडणसुद्धा बाईंच्या मार्फतच व्हायचं. वर्षाच्या शेवटी बाईंनी तिसरं प्रकरण पहिल्या मसुद्याशी लावून पाहिलं, तर शब्दन्शब्द तेच. ये रे माझ्या मागल्या. बाई मोठ्याने हसल्या. एवढी गंमत त्यांना बऱ्याच दिवसांत आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर या वयात कुणीतरी आपल्या वाक्यांसाठी इतकं झुरतं आहे याचं त्यांना बरंच वाटत होतं.

सगळं असं हसतखेळत चाललेलं असताना एके दिवशी सर सहज बोलून गेले, "आमच्याकडच्या बालवाडीत दार लावतच नाहीत, बाई. आईबाप आतच बसतात, पहिले दोन आठवडे. मग हळूहळू उठून जातात. मुलं रडत नाहीत."

"रडतच नाहीत?"

"मला तरी आठवत नाही. तुम्ही याच, बघालच."

सर पुढच्या मुद्द्यावर गेले. बाई तिथेच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि लेकीने विचारलं तेव्हा मिठाच्या डब्यालाच दोष दिला.

त्यानंतर बाईंना तिकडे जायला काही जमेना. आधी स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. मग मिस्त्रीची कंबर धरली. मग लेकीच्या दुकानाच्या वेळा बदलल्या, जणू तिला दुकानात बाईच कडेवर नेऊन सोडत होत्या. एक सत्र पुढे ढकललं, मग दुसरं. शेवटी मॅडमनी चष्मा हातात घेतला आणि हवेत दोन रेघा ओढल्या.

"बाई, तिकडची बालवाडी पुढच्या महिन्यात सुरू होते. या खेपेला गेला नाहीत तर नोंदणी रद्द होईल. सगळं काम वाया जाईल. नियम दोघांचा आहे, मी एकटीने वाकवायचा म्हटला तरी वाकणार नाही."

"नळ गळतोय हो मॅडम."

"नळाला दोन गाईड नाहीत. तुम्हाला आहेत."

संध्याकाळी बाईंनी घरी जाहीर केलं की त्या पीएच.डी. सोडणार. नळाचं कारण दिलं. मिस्त्री जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"नळ मी मागच्या महिन्यातच बदललाय. तूच भांडी घासतेस त्याखाली."

बाईंनी त्याला आमटी वाढली.

"कंबरही बरी आहे माझी. आता खरं काय ते बोल."

बाईंनी ताटात बोटाने रेघोट्या मारल्या. मग एकदम बोलल्या, "तिथली पोरं रडत नाहीत म्हणे. दार उघडं ठेवतात, आणि पोरं रडत नाहीत. तसं असेल, तर मी एवढी वर्षं काय केलं? किती पोरांना उगाच रडवलं? मला नाही बघायचं ते." आणि पदराने डोळे पुसले. लेकीने आईला रडताना फारसं कधी पाहिलं नव्हतं. ती उठून पाणी आणायला गेली, आणि नळ खरंच गळत नाही ना तेही पाहून आली.

मिस्त्रीने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मी माप घेतल्याशिवाय फळी कापत नाही. तू जाऊन माप घेऊन ये."

"आणि माझंच चुकीचं निघालं तर?"

"चुकली फळी म्हणून मी कधी फेकलीय का? दुसरीकडे लागते ती."

बाईंना हे फार पटलं असं नाही. पण नवऱ्यासमोर कारणं संपली होती, आणि कारणं संपल्यावर माणूस बॅग भरतो.

स्टँडवर सोडायला मिस्त्री आला. बाईंना वाटलं होतं, बस सुटेपर्यंत दोघं बोलत बसतील, औषधं कुठे, गॅसचा नंबर कुठला, शेडला रात्री कुलूप लावायचं, असं सगळं परत एकदा सांगता येईल. मिस्त्रीने बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, "चल, येतो मी."

"अहो, बस सुटायला वेळ आहे अजून."

"मी उभा आहे तोवर रडशील. मी निघालो की सुटशील." आणि पाठ फिरवून चालायला लागला. एकदासुद्धा मागे पाहिलं नाही.

बाईंचा संताप झाला. स्वतःचंच औषध इतकं कडू असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बस सुटली आणि त्या गाव मागे पडेपर्यंत हमसून हमसून रडल्या. रडणं थांबायला किती वेळ लागला हे पाहायला त्या साफ विसरल्या, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला हे शोभत नाही हेही त्यांना नंतर आठवलं. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी निमूटपणे बिस्किटाचा पुडा पुढे केला. बाईंनी अर्धा संपवला.

तिकडे पोचल्या तर राहायला खोलीच नाही. तिकडच्या कार्यालयाला वाटलं होतं, पाठवणारे खोलीचं बघतील. इकडच्या कार्यालयाला वाटलं होतं, बोलावणारे बघतील. दोघांनीही एकमेकांना आभाराची पत्रं मात्र पाठवली होती. सर स्वतः न्यायला आले होते. पडद्याबाहेर ते अख्खे दिसले तेव्हा बाईंना आधी ओळखूच आले नाहीत. बिचारे लाजेने लाल झाले.

"बाई, वसतिगृह सोमवारपर्यंत भरलेलं आहे. माझ्या घरी चला म्हणावं तर बायको माहेरी, घर म्हणजे नुसता उकिरडा. एक जागा आहे, पण विचारायला संकोच वाटतो."

ती जागा म्हणजे बालवाडीतली झोपायची खोली. खिडकीला बदकांचे पडदे, भिंतीला ढग, आणि जमिनीवर छोट्या छोट्या गाद्या. बाईंनी तीन गाद्या जोडल्या, तरी पाय बाहेर राहिले. पण प्रवासाचा शीण होता. बदकं पाहता पाहता त्यांना अशी गाढ झोप लागली की सकाळी जाग आली तेव्हा अंगाभोवती पोरांचा वेढा पडला होता.

दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुला कोण सोडून गेलं?"

"माझे मिस्टर."

"रडलीस?"

"थोडीशी."

"माझी आई आहे आत. तुला पाहिजे तर तिच्याजवळ बस," चिमुरडी म्हणाली आणि बाईंचा हात धरून त्यांना वर्गात घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना वर्गात आणून सोडलं होतं.

सर म्हणाले होते तसंच होतं. दार सताड उघडं. आत आईबाप एवढ्या एवढ्या खुर्च्यांवर बसलेले, गुडघे हनुवटीला टेकलेले. कुणी पोराबरोबर चित्र रंगवत होतं, कुणी मातीच्या चहाचे घोट घेत होतं. पोरं खेळत होती. रडणं औषधालाही नव्हतं. बाई भिंतीशी बसून राहिल्या आणि दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत गेला. पुढे पालक एकेक करून जाऊ लागले तेव्हा तरी पोरं भोकाड पसरतील असं त्यांना वाटलं होतं, आणि मनातल्या मनात त्या त्याची वाटही पाहत होत्या, अशी वाट पाहणं किती वाईट आहे हे कळत असूनही. पण पोरांनी हात हलवला, 'जा' म्हणून सांगितलं आणि ती वाळूच्या हौदाकडे पळाली. दोन वेण्यावालीने तर आईला ढकलूनच बाहेर काढलं.

त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं, मॅडमना कळवून टाकायचं की माझंच चुकलं. डोकं चढलं होतं. त्या लवकर निघाल्या, फाटकातून बाहेर पडल्या, आणि कुंपणाच्या वळणावर थबकल्या.

कुंपणापलीकडे पालक उभे होते. दोन वेण्यावालीची आई पाठमोरी उभी राहून ओढणीत नाक शिंकरत होती. तिच्या पलीकडे एक ट्रकवाला, दाराएवढा धिप्पाड, टोपी तोंडावर धरून रडत होता. त्याला ना धड जाता येत होतं ना धड थांबता. बाईंना पाहून तो ओशाळला.

"आत माझी खुर्ची होती हो," तो म्हणाला. "दोन आठवडे होती. पोराला माझी गरज नाही, चांगलंच आहे ना ते. चांगलंच आहे. पण आता मी कुठे बसू?"

बाईंकडे बिस्किटं नव्हती. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. उभं राहता राहता त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत हे आपण पाहिलंच नाही. पाहणार कसं? आपल्याकडे दार बंद असे. रडणं थांबलं असं त्या छातीठोकपणे सांगत होत्या ते आतल्या बाजूचं. बाहेरच्या बाजूला काय होई, कोण किती वेळ उभं राही, हे त्यांनी कधी कडी काढून बघितलं नव्हतं. तो न्यायाधीश त्या दिवशी कुठे गेला असेल, असा त्यांना एकदम प्रश्न पडला.

घरी फोन लागला तेव्हा त्यांनी मिस्त्रीला तेच विचारलं. "अहो, मी दार लावलं की बाहेर आईबाप काय करतात?"

पलीकडून नुसता करवतीचा आवाज आला, मग तोही थांबला. "मला काय ठाऊक? मी सुतार माणूस."

"आणि आत्ता काय करताय?"

"काम."

बाई उरलेलं सत्र कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. पालक आधी बुजले, मग बोलू लागले, आणि एकदा बोलू लागले ते थांबेचनात. त्यातून बाईंचं नवं प्रकरण तयार झालं, दाराच्या दुसऱ्या बाजूचं. त्यांनी ते सरांना दिलं आणि मॅडमनाही धाडलं, आणि आता कोण काय काढायला सांगतं याची वाट पाहत बसल्या. सरांचं उत्तर आलं, एक शब्दही काढू नका. मॅडमचं उत्तर आलं, एक शब्दही काढू नका. या प्रकरणात दोघांपैकी कुणीच आधी डोकावलं नव्हतं, म्हणून असेल. पण एकमत झालं खरं. पुढे दोघांनी थेट एकमेकांना फोनही केला आणि तिसऱ्या प्रकरणावरून आपलं आपण यथेच्छ भांडून घेतलं, तेव्हा तर बाईंना दोन पोरं एकदाची रुळल्यासारखं वाटलं.

तोंडी परीक्षा इकडे झाली. निम्मे परीक्षक समोर, निम्मे भिंतीवरच्या पडद्यावर, आणि मागच्या बाकावर मिस्त्री इस्त्रीच्या शर्टात, शेजारी लेक. सुरुवातच अडली. इकडचे म्हणाले, पहिला प्रश्न पाहुण्यांचा. तिकडचे म्हणाले, छे छे, यजमानांचा मान. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं चालू राहिलं. बाई हात जोडून उभ्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मी दार उघडू का?" सगळे हसले आणि प्रश्न सुरू झाले.

प्रश्न भरपूर झाले, काही बोचरेही. शेवटी पडद्यावरच्या एका पिकल्या केसांच्या परीक्षिकेने विचारलं, "दोन्हीकडचं पाहिलंत. आता तुमच्या शाळेत दार उघडं ठेवणार का?"

बाईंनी जराही विचार केला नाही, कारण विचार करून झाला होता. "नाही. दार मी लावीनच. आतली पोरं दोन्हीकडे रुळतात, उघड्या दाराने आणि बंद दाराने. आमची थोडं रडून रुळतात, तुमची न रडता. पण बाहेरची माणसं दोन्हीकडे उघड्यावर असतात. मी दाराबाहेर एक बाकडं ठेवीन. तिथे हवा तेवढा वेळ बसा म्हणेन. आजवर मी त्यांना जा म्हणत आले. 'बसा' असं कुणालाच म्हटलं नाही, हे माझं चुकलं."

मॅडमनी चष्मा हातात घेतला, पण रेघ ओढली नाही. पडद्यावरून सरांची हनुवटी तेवढी दिसत होती, ती थरथरत होती. बाहेर जाऊन थांबा असं बाईंना सांगण्यात आलं, आणि दार लागलं. बाई कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिल्या. तिथेही बसायला काही नव्हतं. थोड्या वेळाने दार उघडून मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या, डॉक्टर."

घरी परतताना लेक पेढ्यांसारखी बातमी वाटत पुढे निघून गेली. नवरा-बायको मागून सावकाश चालत होते. घराशी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ऐकलंत ना आत? एक बाकडं करून द्याल? फार मोठं नको. दोन माणसं टेकली पाहिजेत. पाठ असलेलं."

मिस्त्री शेडकडे वळला. कोपऱ्यात जुनी चादर टाकलेलं काहीतरी होतं. बाईंनी ते येता-जाता पाहिलं होतं आणि गिऱ्हाइकाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्याने चादर ओढली. खाली बाकडं होतं. पाठ असलेलं, दोन माणसांचं, कडा हाताने घासून गोल केलेल्या, पॉलिश कधीच वाळलेलं.

बाई बघतच राहिल्या. "हे कधी केलंत?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"तुम्हाला कसं कळलं, मला हे लागणार म्हणून?"

"तुला लागणार म्हणून नाही केलं." मिस्त्रीने चादरीची घडी घालायला घेतली. ती नीट जमेना म्हणून पुन्हा उलगडली. "त्या दिवशी स्टँडवर मी मागे बघितलं नाही, ते तू बघत होतीस म्हणून. तिकिटाच्या खिडकीमागे जाऊन उभा राहिलो, बस जाईपर्यंत. बसायला जागा नव्हती. लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडलं होतं, तेव्हाही तू दार लावलंस आणि मी तिथेच उभा होतो, मधल्या सुट्टीपर्यंत. तेव्हाही नव्हती."

एवढा मोठा प्रबंध त्यांनी लिहिला, दोन विद्यापीठांनी वाचला, आणि त्यातला पहिला माणूस रोज त्यांच्या ताटासमोर बसून जेवत होता. त्या बाकड्यावर बसल्या, एका कडेला सरकल्या, आणि शेजारच्या फळीवर हात थोपटला.

"बसा," त्या म्हणाल्या. "हवा तेवढा वेळ."